डाळ का शिजत नाही?

मैत्रिणींनो, परवा दिवेलागणीच्या वेळी शेजारच्या वहिनींची मुलगी हातात चार कागद घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. म्हणाली, "काकू, विद्यापीठाची योजना आहे. पदवीच्या मुलामुलींना छोट्या संशोधनासाठी पैसे देतात. अर्ज भरायचाय, पण पहिल्याच पानावर अडकलेय. 'तुम्हाला कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे?' असं विचारलंय. काय लिहू?"

मी कला शाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध हळद आणि चिंचेपुरताच. पण तिचा प्रश्न ऐकून मला ओशाळल्यासारखं झालं, आणि त्याचं कारण वेगळं होतं. मागच्या वर्षी हीच मुलगी याच योजनेची सूचना घेऊन माझ्याकडे आली होती. तेव्हा तिच्या आईसमोर मी म्हटलं होतं, "अगं, आधी सेमिस्टरचा अभ्यास सांभाळ. संशोधन वगैरे एम.एस्सी.ला गेल्यावर बघू." आई लगेच म्हणाली, "बघ, काकूपण तेच म्हणतात." अर्ज राहिला. तिच्याच वर्गातल्या एका मुलाने मात्र भरला. त्याला पैसे मिळाले, सरांबरोबर त्याने काम केलं, आणि आज तो चार लोकांत उभं राहून आपलं काम समजावून सांगतो. त्याचं कौतुकच आहे. पण त्याच्या घरी कुणी "पुढे बघू" म्हणालं नाही आणि हिच्या घरी मी म्हणाले, हे मला विसरता येत नाही. महिला मंडळात मुलींच्या शिक्षणावर भाषणं करणारी मीच ती!

म्हणून यंदा मी कागद बाजूला सारले नाहीत. शेजारी बसले.

पुढची गंमत ऐका. आम्ही दोघी डोकं खाजवत बसलो असताना आतून वहिनींचा आवाज आला, "आज पुन्हा डाळ गचका! चार शिट्ट्या जास्त केल्या तरी कच्चीच. नळाला पाणी नाही, आणि या बोअरच्या पाण्यात काही शिजेल तर शपथ. गॅस मात्र जळतोय." मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. "काकू, हाच प्रश्न?" ती हळूच म्हणाली.

वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांना सांगितल्यावर हसायलाच लागल्या. "यात कसलं आलंय संशोधन? हे तर माझ्या सासूबाईंनाही माहीत होतं."

मैत्रिणींनो, आपलं नेमकं इथेच चुकतं. आपल्याला माहीत असतं, पण ते कुणी मोजलेलं नसतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही हे सासूबाईंना माहीत होतं. पण किती जड पाण्यात किती मिनिटं जास्त लागतात, रात्रभर भिजवल्याने किती फरक पडतो, गावातल्या कोणत्या आळीत हा त्रास सगळ्यात जास्त, हे त्यांना माहीत नव्हतं आणि आपल्यालाही नाही. त्या मुलीने मला सोप्या भाषेत सांगितलं, की जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ असतो, त्याच्याशी हे क्षार बांधले जातात आणि मग दाणा लवकर फुटत नाही. चिमूटभर सोडा टाकला की शिजते ती त्यामुळेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं धरलेलं आहे. आमच्या गल्लीतल्या बोअरचा आकडा किती, ते कुणालाच ठाऊक नाही. भांड्यावर बसणारा पांढरा थर तेवढा रोज घासतो आपण.

मग अर्ज लिहायला घेतला. अशा अर्जात काय काय असतं, हे मलाही पहिल्यांदाच कळलं. तुमच्या घरी असा कागद आला तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. नमुने वेगवेगळे असतात, पण प्रश्न साधारण हेच.

पहिलं, शीर्षक. तिने आधी लिहिलं होतं, 'ग्रामीण महाराष्ट्रातील पाणीप्रश्न : एक अभ्यास'. तिच्या मॅडमनी त्यावर सरळ काट मारली. म्हणाल्या, "एवढा मोठा घास तीन महिन्यांत गिळणार आहेस का?" शेवटी ठरलं, गावातल्या तीन प्रकारच्या पाण्याचा जडपणा आणि त्याचा तूरडाळ शिजण्याच्या वेळेवर होणारा परिणाम. विषय जेवढा लहान, तेवढा तो हातात मावतो.

दुसरं, यावर आधी काय झालं आहे. इथे इंटरनेटवरून उताऱ्यामागून उतारे उचलण्याचा मोह होतो. तपासणाऱ्याला ते एका नजरेत कळतं. चार लेख स्वतः वाचून, कुणी काय शोधलं आणि काय शोधायचं राहिलं, एवढं आपल्या शब्दांत लिहिलं तरी पुरतं.

तिसरं, पद्धत. बोअर, नगरपालिकेचा नळ आणि जुनी विहीर अशा तीन ठिकाणचं पाणी. कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये जडपणा काढायला शिकवतात, तोच प्रयोग. डाळ एकाच पोत्यातली, वजन करून घेतलेली, भांडं तेच, आच तीच. प्रत्येक प्रयोग तीन वेळा. "शिजली हे कशावरून ठरवायचं?" असं मॅडमनी विचारलं तेव्हा ती गप्पच झाली. उत्तर वहिनींनी दिलं: "दाणा दोन बोटांत दाबायचा. मध्ये पांढरी कणी राहिली तर कच्ची." ते वाक्य, जरा शास्त्रीय कपडे घालून, अर्जात गेलं आहे. वहिनींना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना.

चौथं, वेळापत्रक. इथे खोटं लिहू नये. परीक्षेचे पंधरा दिवस, दिवाळी, घरातलं लग्न, सगळं धरून आठवडे मांडायचे.

पाचवं, खर्च. आपण बायका महिन्याचं वाणसामान आणि दूधवाल्याचा हिशोब चोख ठेवतो, पण मुलगी अर्जात पैसे मागायला लाजते. तिने आधी एक गोल आकडा टाकून दिला होता. मी म्हटलं, "वाण्याकडे अशी यादी देतेस का?" मग बसून एकेक ओळ केली. रसायनं, नमुन्याच्या बाटल्या, डाळ, झेरॉक्स, तालुक्याहून विद्यापीठापर्यंतचं एसटीचं भाडं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, म्हणून भाडंही अर्धंच लिहिलं. फुगवून सांगायचं नाही, आणि संकोचून कमीही नाही. नियमात जे बसत नाही, उदाहरणार्थ मोबाइल किंवा लॅपटॉप, ते मागायचंच नाही.

सहावं, मार्गदर्शकांचं पत्र. मुली सर्वांत जास्त अडतात त्या इथे. शेवटच्या दिवशी "सर, सही द्या" म्हणून धावत गेलं की सर चिडतात, आणि त्यांचंही चुकत नाही. पंधरा दिवस आधी भेटायचं, अर्जाचा कच्चा खर्डा हातात द्यायचा, आणि आपण काय करणार ते पाच मिनिटांत सांगायचं. आमच्या मुलीला पहिल्या सरांनी "मला वेळ नाही" असं सांगितलं. ती दोन दिवस हिरमुसली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मॅडमकडे गेली आणि काम झालं. एका दाराने नाही म्हटलं म्हणून गल्ली संपत नाही.

आणि शेवटचं, कागदपत्रं. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधार कार्डवर दुसरं आणि बँकेत तिसरं, ही घरोघरची कथा आहे. निधी बहुधा विद्यार्थिनीच्या किंवा कॉलेजच्या खात्यावर जमा होतो. मुलीच्या स्वतःच्या नावाचं चालू खातं असेल आणि सगळीकडे नाव एकसारखं असेल तर पुढचा मनस्ताप वाचतो. अर्ज शेवटच्या रात्री भरायला बसू नये, आणि भरल्यावर पोचपावती काढून ठेवावी. ही कामं आईला जमण्यासारखी आहेत, त्यासाठी रसायनशास्त्र यावं लागत नाही.

आता तुम्ही विचाराल, आमच्या मुलीच्या विद्यापीठात अशी योजना नसेल तर? तर इतरही दारं आहेत. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिघी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेली मुलं-मुली दोन महिने देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करतात. अर्ज ऑनलाइन असतो, 'मला काय करायला आवडेल' यावर थोडक्यात लिहावं लागतं आणि शिक्षकांची शिफारस लागते. साधारण दिवाळीच्या सुमारास त्याची चौकशी करावी. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे २००४ पासून पदवीच्या विज्ञान विद्यार्थ्यांसाठी खास राष्ट्रीय उपक्रम चालतो. आणि आपल्या राज्यातली विद्यापीठं २००६ पासून 'आविष्कार' हे संशोधन संमेलन भरवतात. तिथे निधी नाही, स्पर्धा आहे. पण आपलं काम परीक्षकांपुढे मांडायची सवय होते. त्यात मानव्यविद्या, भाषा, वाणिज्य, शेती असे विभागही आहेत. म्हणजे बी.ए., बी.कॉम.च्या मुलींनी "ते सायन्सवाल्यांचं" म्हणून तोंड फिरवायचं कारण नाही.

कला शाखेच्या मुलींना मी मुद्दाम एक उदाहरण देते. हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! आपल्या आज्या-पणज्या पहाटे दळताना जे गात होत्या, ते आज अभ्यासकांना वाचायला आणि ऐकायला मिळतं. दळता दळता त्या बाईला वाटलं असेल का, की आपण म्हणतोय ते कुणी लिहून ठेवील? संशोधनाचा विषय परदेशातच असतो असं नाही. तो आपल्या माजघरातही असतो, फक्त कुणीतरी वही घेऊन बसावं लागतं.

पदवीच्या मुलांनी संशोधन करावं ही कल्पनाही काही आजची नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विख्यात संस्थेत १९६९ मध्ये अशी योजना सुरू झाली. ती उभी केली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण पदार्थविज्ञान शास्त्रज्ञ बाईंनी. शिकवलेलं पाठ करण्यापेक्षा मुलांनी अध्यापकांबरोबर खऱ्या कामात हात घालावा, हा त्यामागचा विचार. आज आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीचं चौथं वर्ष आलं आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर 'संशोधनासह ऑनर्स' घेता येतं, आणि त्यात संशोधन प्रकल्प करावाच लागतो. म्हणजे आज अकरावी-बारावीत असलेल्या आपल्या मुलींना 'प्रश्न शोधा' हे कधी ना कधी ऐकावं लागणार आहे. तेव्हा एकदम गांगरण्यापेक्षा आत्ता छोट्या अर्जावर हात बसलेला बरा.

अर्ज नाकारला गेला तर काय, ही भीती प्रत्येकीला असते. इथे मला कमला सोहोनींची आठवण होते. त्या पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, आपल्या दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. १९३३ मध्ये त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संचालक होते नोबेल विजेते सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, कारण अर्ज करणारी मुलगी होती. कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. बंगळुरू गाठलं, कारण विचारलं, ठाण मांडलं. शेवटी एक वर्ष पारखून घेऊ, अशा अटीवर प्रवेश मिळाला. ते वर्ष त्यांनी कामाने जिंकलं. पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्यांनी अभ्यास कशाचा केला माहीत आहे? दुधाचा, कडधान्यांचा, नीरेचा. गरिबाच्या ताटात पोषण किती जातं, याचा. आपल्या रोजच्या वरणाशी त्याचं नातं आहे.

प्रत्येक मुलगी कमला सोहोनी होणार नाही, तशी अपेक्षाही नाही. पण त्या काळी नकाराचं कारण 'मुलगी आहे' हे होतं. आज तसं लेखी कुणी म्हणत नाही. आजचा नकार घरात, प्रेमाने, अर्ज भरायच्या आधीच मिळतो. "कशाला डोक्याला ताप?" "परीक्षा जवळ आली." "दोन महिने परगावी? लोक काय म्हणतील?" मागच्या वर्षी तो नकार मी दिला. म्हणून हे जरा पोटतिडकीने लिहितेय.

आईची काळजी खोटी नसते, हेही मला मान्य आहे. मुलगी दोन महिने अनोळखी शहरात राहणार म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण काळजी वाटली तर चौकशी करावी, दार लावून घेऊ नये. मुलींचं वसतिगृह आहे का, प्रयोगशाळेतून परतायची वेळ काय, तिच्याबरोबर आणखी कुणी मुली आहेत का, हे विचारण्यात काही वावगं नाही. २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, शिक्षणसंस्थाही त्यात येतात. तिथली समिती कोणती, कुणाशी बोलायचं, हे मुलीला आधीच माहीत असू द्या. शक्य असेल तर पहिल्या दिवशी घरातलं कुणीतरी सोडायला जा, जागा डोळ्यांनी बघा.

आणि थोडं कॉलेजांनाही सांगायचं आहे. लहान गावातल्या अनेक कॉलेजांत अशी सूचना फळ्यावर लागते ती मुदत संपायच्या दोन दिवस आधी. कधी ती कार्यालयाच्या फायलीतच राहते. ज्यांच्या घरी कुणी प्राध्यापक आहे, त्यांना ती आधी कळते. ज्यांची आई भाकऱ्या थापते, त्यांना नंतर. यात कुणाचा दुष्टपणा नाही, पण नुकसान मात्र दरवर्षी त्याच मुलींचं होतं. सूचना महिनाभर आधी लावणं, मुलींच्या कॉमनरूममध्ये तिची एक प्रत चिकटवणं, आणि अर्ज कसा भरायचा हे एक तास सांगणं, याला अनुदान लागत नाही. आपली महिला मंडळं हळदीकुंकवाला वाण देतात. यंदा एखाद्या मंडळाने प्राचार्यांना भेटून एवढी एक मागणी केली तर? आमच्या मंडळाने ठरवलं आहे. वाचनालयात एक वही ठेवायची, त्यात शिष्यवृत्ती आणि संशोधन निधीच्या तारखा लिहायच्या. वर्तमानपत्रात दिसली की नोंद, कुणी सांगितली की नोंद.

आमच्या मुलीचा अर्ज परवा गेला. निकाल लागायला अजून अवकाश आहे. निधी मिळेल की नाही, मला सांगता येत नाही. मिळाला तर रसायनं घेता येतील. नाही मिळाला तर, तिच्या मॅडम म्हणाल्या, कॉलेजच्या बाटल्यांवर जेवढं होईल तेवढं करू आणि पुढच्या 'आविष्कार'साठी मांडू. पैशाला महत्त्व नाही असं मी म्हणणार नाही. हिच्या घरी पाचशे रुपयेसुद्धा विचार करून खर्च होतात, म्हणून तर असे निधी हवेत.

पण एक गोष्ट निकालाआधीच घडली. काल सकाळी पाहिलं, तर वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक अक्षरात नोंदी सुरू केल्या आहेत. 'बोअर – डाळ – ३५ मि.' 'नळ – डाळ – २२ मि.' मी विचारलं, "वहिनी, हे काय?" त्या जराशा लाजल्या. म्हणाल्या, "ताई, पोरीला लागेल ना. आणि मलाही बघायचंय, खरंच किती फरक पडतो ते."

तुमच्या घरी असा कागद आला, तर तो फ्रिजवर ठेवून विसरू नका. मुलीला एवढंच विचारा, "तुला काय शोधायचंय गं?" आणि ती उत्तर देईपर्यंत शेजारी बसा. वरण थोडं उशिरा झालं तरी चालेल.